बिघडलेली पत पुन्हा उभारता येते
पतनोंदीची तपासणी, दुरुस्ती आणि सुधारणा : एक अभ्यास

पुणे शहराच्या वायव्येस पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे गुरव हे एके काळी शेतीवर जगणारे गाव होते. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९७० साली या चार गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग पोहोचली. आज महापालिकेच्या हद्दीत असलेल्या पिंपळे गुरवमध्ये मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातून रोजगारासाठी आलेली हजारो कुटुंबे नांदत आहेत.

शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामावर अवलंबून असते, तर कामगाराचे महिन्याच्या पगारावर. पगार आला की हप्ता भरता येतो, हा विश्वास कामगाराला कर्जाकडे नेतो. दुचाकी, भ्रमणध्वनी, शीतकपाट, मुलांचे शिक्षण आणि अखेरीस स्वतःचे घर, या सर्व गोष्टी हप्त्यांवर घेतल्या जातात. जोवर पगार नियमित असतो तोवर सारे सुरळीत चालते. कंत्राट संपले, कारखान्यातील पाळी कमी झाली किंवा घरात आजारपण आले की हप्ता चुकतो. हा चुकलेला हप्ता विस्मरणात जात नाही. तो एका नोंदवहीत उतरतो आणि पुढील कर्जाच्या वेळी अर्जदाराच्या आधी बँकेत जाऊन बसतो.

या नोंदवहीला कायद्याच्या भाषेत पतमाहिती आणि लोकांच्या बोलण्यात ‘सिबिल’ म्हणतात. ‘सिबिल खराब आहे’ एवढे एकच वाक्य ऐकून अनेक अर्जदार बँकेतून परततात. ते कशामुळे खराब झाले, त्यात खरे किती व चूक किती, आणि ते सुधारता येते किंवा नाही, याची माहिती फार थोड्यांना असते. ही माहिती तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यामार्फत घरोघरी पोहोचणे आवश्यक आहे.

एका कामगाराचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पावे. भोसरीच्या एका कारखान्यात काम करणारा, पिंपळे गुरवमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणारा एक कामगार घरासाठी कर्ज मागतो. त्याचा पगार पुरेसा आहे, अग्रिम रक्कमही साठली आहे. तरीही अर्ज नामंजूर होतो. पतमाहितीचा अहवाल मागविल्यावर त्यात तीन गोष्टी आढळतात. पहिली, भ्रमणध्वनीसाठी घेतलेले कर्ज त्याने पूर्ण फेडले असूनही १,८४० रुपये येणे दाखविले आहेत. दुसरी, टाळेबंदीनंतर काम सुटले तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढली आणि ती त्याने तडजोडीने मिटविली. त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. तिसरी, गावाकडील मित्राच्या दुचाकीच्या कर्जास तो जामीनदार राहिला होता आणि मित्राचे तीन हप्ते थकले आहेत.

या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच झाला, गुणांक उतरला. परंतु तिन्हींवरील उपाय वेगवेगळे आहेत. पहिली नोंद चुकीची असल्याने ती दुरुस्त करून मागण्याचा त्याला हक्क आहे. दुसरी नोंद खरी आहे. ती तक्रारीने पुसली जाणार नाही, तिचा शेरा मात्र रक्कम भरून बदलता येतो. तिसरीचे उत्तर त्याच्या एकट्याच्या हाती नाही. पतदुरुस्तीचा सारा अभ्यास या तीन भेदांवर उभा आहे.

वहीवर हक्क कोणाचा ?

कर्जदाराची नोंद सावकाराच्या वहीत असावी आणि ती कर्जदाराला पाहता येऊ नये, ही स्थिती पुणे जिल्ह्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे, दस्तऐवज आणि न्यायालयीन हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. ज्या कागदात आपले देणे किती लिहिले आहे हे कळत नाही आणि तो चुकीचा असल्यास दुरुस्त करून घेण्याचा मार्गही नाही, तो कागद नष्ट करणे एवढाच उपाय त्या शेतकऱ्यांना दिसला.

या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत लागू झालेल्या या कायद्याने शेतकरी ऋणकोस भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका मिळण्याची तरतूद केली. ऋणकोला आपला हिशेब पाहण्याचा अधिकार असतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पतमाहितीविषयीच्या आजच्या कायद्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच की, आता वही एका सावकाराच्या पेढीत नसून संगणकात आहे आणि ती देशभरच्या बँकांना एकाच वेळी दिसते.

आजची व्यवस्था

भारतात पतमाहिती एकत्रित करणारी पहिली संस्था, क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड, म्हणजेच सिबिल, २००० साली स्थापन झाली. संसदेने २००५ साली पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम संमत केला आणि तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. आज रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीखाली चार पतमाहिती कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येक कर्जदायी संस्थेने या चारही कंपन्यांचे सभासद असावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला.

बँका, सहकारी बँका, गृहवित्त संस्था, बिगर-बँक वित्तीय कंपन्या व क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आपापल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवितात. पूर्वी ती महिन्यातून एकदा कळविली जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्यातून किमान एकदा कळविणे बंधनकारक झाले. चांगली वर्तणूकही त्यामुळे आता लवकर नोंदली जाते, आणि चुकलेला हप्ताही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पतमाहिती कंपनी कर्ज देत नाही, नाकारतही नाही आणि स्वतःहून कोणाचे नाव काळ्या यादीत घालीत नाही. संस्थांनी कळविलेली माहिती ती जतन करते आणि तिच्या आधारे गुणांक काढते. कर्ज द्यावे किंवा नाही, हा निर्णय बँकेचा असतो. यास्तव चुकीची नोंद मूळ कोणत्या संस्थेने कळविली, हे शोधणे दुरुस्तीच्या कामात पहिले ठरते.

गुणांक कसा ठरतो ?

हा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. तो जितका अधिक तितकी परतफेडीची शक्यता अधिक मानली जाते. चारही कंपन्यांची गणनापद्धती एकसारखी नसल्याने एकाच व्यक्तीचे चार गुणांक भिन्न असू शकतात. त्यात घाबरण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कोणताही किमान गुणांक ठरवून दिलेला नाही. प्रत्येक बँक आपले धोरण ठरविते.

गुणांकावर मुख्यतः पाच बाबींचा परिणाम होतो.

१. परतफेडीची नियमितता. हप्ता किती दिवस उशिरा भरला, याची महिनावार नोंद राहते. हीच बाब सर्वांत वजनदार होय.
२. उपलब्ध मर्यादेचा वापर. ५०,००० रुपयांच्या कार्डमर्यादेपैकी सतत ४५,००० रुपये वापरणारा ग्राहक ओढाताणीत असल्याचे समजले जाते. मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा व्यवहारातील सल्ला आहे.
३. कर्जइतिहासाचा कालावधी. दीर्घकाळ नीट चालविलेले जुने खाते ही जमेची बाजू आहे.
४. कर्जाचे प्रकार. केवळ विनातारण कर्जे असण्यापेक्षा तारणी व विनातारण कर्जांचा समतोल बरा.
५. नव्या कर्जांची मागणी. थोड्या काळात अनेक संस्थांकडे अर्ज केल्यास प्रत्येक संस्थेची चौकशी नोंदली जाते आणि अर्जदार पैशासाठी अडला आहे, असा अर्थ निघतो.

स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने मात्र गुणांक कमी होत नाही. याविषयीचा गैरसमज सर्वत्र आढळतो आणि त्यापायी लोक अहवाल पाहण्याचेच टाळतात.

अहवाल मागविणे व वाचणे

रिझर्व्ह बँकेच्या २०१६ मधील आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने व्यक्तीस वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. कंपन्या चार असल्याने दर तीन महिन्यांनी एकीकडून अहवाल मागविल्यास एक पैसाही खर्च न करता वर्षभर आपल्या नोंदीवर लक्ष ठेवता येते. अहवाल त्या त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागवावा.

अहवाल हाती आल्यावर केवळ गुणांक पाहून तो बाजूला ठेवू नये. पुढील क्रमाने तो वाचावा. प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता व दूरध्वनी क्रमांक तपासावेत. एकाच नावाच्या दोन व्यक्तींच्या नोंदी मिसळल्या असतील तर त्याची खूण येथेच सापडते. नंतर प्रत्येक कर्जखाते पाहावे : ते आपलेच आहे काय, खाते एकट्याचे, संयुक्त की जामीनदार म्हणून आहे, ते चालू आहे की बंद, येणे रक्कम किती दाखविली आहे. त्यापुढे महिनावार रकाने असतात. त्यांतील आकडा म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आला, त्याची संख्या. शून्य असल्यास हप्ता वेळेवर. शेवटी कोणकोणत्या संस्थांनी चौकशी केली, त्यांची यादी असते. आपण कधीच अर्ज न केलेल्या संस्थेचे नाव तेथे आढळल्यास सावध व्हावे; आपल्या कागदपत्रांचा कोणी गैरवापर केला असण्याचा तो पहिला इशारा असू शकतो.

काही शेऱ्यांचा अर्थ माहीत असणे आवश्यक आहे. ‘क्लोज्ड’ म्हणजे संपूर्ण फेड होऊन खाते बंद झाले. ‘सेटल्ड’ म्हणजे संस्थेने येणे रकमेपेक्षा कमी रक्कम घेऊन खाते मिटविले. ‘रिटन ऑफ’ म्हणजे संस्थेने आपल्या हिशेबात ते कर्ज निर्लेखित केले. त्यामुळे कर्जदाराचे देणे माफ होत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. एकदा ते तसे ठरल्यावर एखाद-दुसरा हप्ता भरून वर्गवारी बदलत नाही. थकलेले सर्व व्याज व मुद्दल भरावे लागते.

नोंद चुकीची असल्यास

कायद्याच्या कलम २१ अन्वये अर्जदारास आपली पतमाहिती मिळविण्याचा व तिच्यात दुरुस्ती मागण्याचा हक्क आहे, आणि दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. प्रक्रिया अशी आहे.

पहिली पायरी : पुरावे गोळा करावेत. कर्जखात्याचा उतारा, हप्ते भरल्याच्या पावत्या आणि संस्थेचा बेबाकी दाखला ही मुख्य कागदपत्रे होत. बेबाकी दाखला घेतला नसल्यास तो प्रथम मिळवावा.

दुसरी पायरी : पतमाहिती कंपनीकडे आणि नोंद कळविणाऱ्या संस्थेकडे अशा दोन्ही ठिकाणी लेखी वा संगणकीय तक्रार करावी. कोणत्या खात्यातील कोणता रकाना चुकीचा आहे आणि तेथे काय असावयास हवे, हे नेमके लिहावे. ‘माझे सिबिल दुरुस्त करावे’ अशी मोघम तक्रार उपयोगाची नाही. तक्रारीचा क्रमांक व दिनांक जपून ठेवावा.

तिसरी पायरी : मुदतीकडे लक्ष ठेवावे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेली आणि एप्रिल २०२४ पासून अमलात आलेली भरपाईची तरतूद येथे महत्त्वाची आहे. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई तक्रारदारास द्यावयाची आहे. कर्जदायी संस्थेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत पतमाहिती कंपनीस पाठवावयाची असते. तिने विलंब केल्यास भरपाई तिच्याकडून, आणि तिने वेळेत पाठवूनही कंपनीने विलंब केल्यास ती कंपनीकडून. उदाहरणातील कामगाराची १,८४० रुपयांची चुकीची नोंद ४५ व्या दिवशी दुरुस्त झाली, तर १५ दिवसांचे १,५०० रुपये त्याला मिळावयास हवेत. दुरुस्ती नाकारल्यास तिचे कारणही त्याला कळविले पाहिजे.

चौथी पायरी : ३० दिवसांत उत्तर न आल्यास वा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. या तक्रारीस शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही समजून घ्यावी. ‘माझा गुणांक अधिक हवा होता’ अशा, म्हणजे गुणांकाच्या गणनापद्धतीविषयीच्या तक्रारीस ही भरपाई लागू होत नाही. तक्रार नोंदीविषयी असावी.

अहवालात अनोळखी कर्ज आढळल्यास या पायऱ्यांसोबत पोलिसांकडेही तक्रार करावी. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पॅन व आधार यांच्या प्रती देताना त्यांवर प्रयोजन व दिनांक लिहून सही करण्याची सवय या बाबतीत उपयोगी पडते.

नोंद खरी असल्यास

खरी थकबाकी तक्रारीने जात नाही. ती फेडूनच जाते. पतमाहिती किमान सात वर्षे जतन केली जाते. परंतु याचा अर्थ सात वर्षे कर्ज मिळणार नाही, असा नव्हे. जुन्या चुकीवर अलीकडची नियमितता साचत जाते, तसा गुणांक वर येतो. त्याला काही महिने, प्रसंगी दोन-तीन वर्षेही लागतात.

फेडीचा क्रम ठरवावा. जे हप्ते अद्याप चालू आहेत, ते आधी सांभाळावेत, म्हणजे नवी थकबाकी निर्माण होणार नाही. त्यानंतर सर्वाधिक व्याजाचे देणे फेडावे. बहुधा ते क्रेडिट कार्डाचे असते. कार्डावर २०,००० रुपये येणे आहे आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज आकारले जाते असे धरले, तर व्याज ७०० रुपये व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर १२६ रुपये, असे ८२६ रुपये होतात. ग्राहकाने त्या महिन्यात १,००० रुपये भरले, तर मुद्दलातून केवळ १७४ रुपये वजा होतील. किमान रक्कम भरीत राहिल्याने नोंद थकीत होत नाही, परंतु देणेही हटत नाही. असे देणे कमी व्याजाच्या कर्जात वळविता आल्यास तो मार्ग विचारात घ्यावा. त्यानंतर कार्डाचा वापर मात्र आवरला पाहिजे.

हप्ता भरणे अशक्य होणार असे दिसताच, तो चुकण्यापूर्वीच, बँकेकडे लेखी अर्ज करावा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा कर्जाची पुनर्रचना करणे या गोष्टी बँकेच्या धोरणानुसार होऊ शकतात. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती आणि त्या सवलतीमुळे पतनोंद बिघडू नये असेही स्पष्ट केले होते. व्याज मात्र चालूच राहिले. सवलत म्हणजे माफी नव्हे, हा धडा त्या काळात अनेक कुटुंबांना मिळाला.

तडजोडीचा प्रस्ताव आल्यास दोन्ही बाजू तोलून पाहाव्यात. देणे कमी होते हे खरे. परंतु ‘सेटल्ड’ हा शेरा पुढील बँकेला दिसतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ मधील आदेशानुसार, शेतीखेरीज अन्य कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदारास नवे कर्ज देण्यापूर्वी संस्थेने किमान १२ महिन्यांचा कालावधी जाऊ द्यावयाचा आहे. ज्याला अन्य कोणताच मार्ग उरलेला नाही, त्याच्यासाठी तडजोड योग्य ठरू शकते. पुढे ऐपत आल्यावर सोडून दिलेली रक्कम भरण्याची तयारी संस्थेस लेखी कळवावी, ती भरून बेबाकी दाखला घ्यावा आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घ्यावी. उदाहरणातील कामगाराच्या दुसऱ्या नोंदीवर हाच उपाय आहे.

थकबाकीदारालाही प्रतिष्ठा असते. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, धमकी वा अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट आदेश आहेत. त्यांचा भंग झाल्यास त्याविरुद्धही तक्रार करता येते.

नवी नोंद उभारणे

जुनी थकबाकी मिटल्यावर चांगली नोंद निर्माण व्हावी लागते. कर्जच न घेतल्यास गुणांक आपोआप वाढत नाही. बँकेतील लहान मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड, त्यावर किराणा वा विजेच्या देयकाएवढाच खर्च आणि मुदतीपूर्वी संपूर्ण भरणा, हा त्याचा सोपा मार्ग. बँकेचे सोनेतारण कर्ज वेळेवर फेडल्यासही उपयोग होतो. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवावी आणि हप्ता खात्यातून आपोआप वजा होण्याची सूचना द्यावी. एक कर्ज नाकारले गेल्यास लगेच दुसऱ्या चार ठिकाणी अर्ज करू नयेत. कारण विचारून, ते दूर करून, काही महिन्यांनी अर्ज करावा.

कामगारांच्या पतपेढीतील कर्ज नियमित फेडले, तरी त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे असेलच असे नाही. बँकेत जाताना पतपेढीचा उतारा सोबत न्यावा. अधिकाऱ्यास तो विचारात घेता येतो.

जामीनदार, बचत गट आणि पहिला कर्जदार

ग्रामीण भागात जामिनावर सही करणे हे नात्याचे व मैत्रीचे कर्तव्य समजले जाते. परंतु जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसते आणि ते थकल्यास त्याचीही पत खालावते. सही करण्यापूर्वी ‘हे कर्ज मला स्वतः फेडावे लागले तर झेपेल काय?’ असा प्रश्न विचारावा. सही केली असल्यास खाते नियमित आहे किंवा नाही, याची अधूनमधून चौकशी करावी. उदाहरणातील कामगाराला मित्राशी बोलून, प्रसंगी थकलेले हप्ते स्वतः भरून आणि त्याची लेखी पोच घेऊनच आपला मार्ग मोकळा करावा लागेल.

बचत गटांतील सदस्यांची वैयक्तिक कर्जमाहितीही २०१६ पासून टप्प्याटप्प्याने नोंदली जाऊ लागली आहे. सूक्ष्मवित्त कर्जांबाबत १ एप्रिल २०२२ पासून असा नियम आहे की, वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. गटाच्या बैठकीत हा नियम वाचून दाखविला, तर एका घरावर चार कंपन्यांचे हप्ते चढण्यास आळा बसेल.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्यास पूर्वीची नोंद नाही, एवढ्याच कारणाने त्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने कर्जदायी संस्थांना कळविले आहे. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नये, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये झालेल्या राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. शेतकऱ्यांच्या प्रश्नी काम करणाऱ्या पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

दुरुस्तीच्या नावाखाली फसवणूक

‘आठ दिवसांत सिबिल साफ करून देतो’ अशा जाहिराती भिंतींवर आणि भ्रमणध्वनीवर झळकतात. खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणत्याही मध्यस्थास नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी मध्यस्थ लागत नाही. असा मध्यस्थ पैसे तर घेतोच, शिवाय पॅन, आधार व परवलीचे शब्द त्याच्या हाती जातात.

दुसरा धोका खाजगी सावकारीचा. बँकेने नाकारलेला मनुष्य रात्रीत पैसे देणाऱ्याकडे वळतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. अशा व्यवहाराची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. ही माहिती वेळीच मिळाली, तर एखादे घर वा शेत वाचू शकते.

गावपातळीवर काय करता येईल ?

ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा ग्रामसभेनंतर अहवाल वाचनाचा तास ठेवावा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या अधिकाऱ्यास त्यासाठी बोलाविता येते. पुणे जिल्ह्यात ही जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. आर्थिक साक्षरता केंद्रांचेही साहाय्य घ्यावे. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी चक्रवाढ व्याजाचा धडा शिकविताना कार्डाच्या किमान रकमेचे उदाहरण सोडवून घ्यावे; ते विद्यार्थ्यांमार्फत घरी पोहोचेल. कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्यांच्या जामिनाच्या कागदांवर सही-शिक्का देताना जामीनदारास त्याच्या जबाबदारीची जाणीव करून द्यावी. ज्याची नोंद बिघडली आहे, त्याच्याविषयी गावात बोलबाला होणार नाही, ही दक्षता मात्र सर्वांनी घ्यावी. पतमाहिती ही व्यक्तीची खाजगी बाब आहे.

उदाहरणातील कामगाराकडे परत वळून पाहिले, तर त्याच्या घराचा मार्ग बंद झालेला नाही. पहिली नोंद महिन्या-दीड महिन्यात दुरुस्त होईल. दुसरीसाठी त्याला उरलेली रक्कम जमवावी लागेल. तिसरीसाठी मित्राच्या दारी जावे लागेल. त्यानंतर वर्षभर प्रत्येक हप्ता वेळेवर भरल्यावर तो पुन्हा बँकेत जाईल, तेव्हा आपल्या नोंदीत काय लिहिले आहे हे त्याला बँकेच्या आधी ठाऊक असेल. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्याला वही जाळावी लागली. आज ती मागवून वाचता येते आणि चूक असेल तेथे दुरुस्त करून घेता येते. हा हक्क वापरण्यासाठी पहिले पाऊल म्हणून वर्षातील पहिला विनामूल्य अहवाल प्रत्येकाने अवश्य मागवावा.